मामांचा विसरणारा माउस

माउस काउंटरवर उलटा ठेवायचा, खुर्चीत हळूच टेकायचं, डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवायचा आणि मग म्हणायचं, "पुन्हा विसरला, नोडम्मा."

मामा माझ्या दुकानात असे यायचे. 'बघ गं' म्हणायला आमच्या मैसूरच्या मराठीला कन्नड 'नोडम्मा'च लागतं.

देवराज मोहल्ल्यात, शिंप्यांच्या आणि जरीवाल्यांच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मामा पलीकडच्याच घरात राहायचे. सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गल्लीचे. त्यांचे आजोबा लुगडी रंगवायचे, वडील कापडावर ठसे उठवायचे आणि मामा कॉम्प्युटरवर ब्लाउजच्या भरतकामाची नक्षी काढायचे. ती फाइल मग भरतकामाच्या मशीनला जायची. या भागातल्या किती नवऱ्या मामांचे मोर पाठीवर घेऊन लग्नाला उभ्या राहिल्या असतील, देव जाणे.

मग पक्षाघात झाला आणि डावा हात गेला. "उजवा तरी राहिला, नशीब समजा," असं जो तो येऊन सांगून गेला. पण नक्षी काढणाऱ्याच्या शेजारी तुम्ही कधी बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. उजवा हात माउसने रेघ ओढतो तेव्हा डावा कीबोर्डवर असतो. चुकलेलं मागे घे, मोठं करून दाखव, बाजूला सरकव, ही सगळी कामं डाव्याची. मामा एक पाकळी काढायचे, माउस सोडून उजवा हात कीबोर्डवर न्यायचे, पुन्हा माउस शोधायचे. एका मोराला आठवडा लागायला लागला.

गेमिंग माउस घ्यायचं मीच सुचवलं. स्वस्तातलाच, पण अंगठ्याखाली बटणांची रांग असलेला. खेळणारी मुलं त्या बटणांनी गोळ्या झाडतात. मी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एका बटणाला 'मागे घे' शिकवलं, दुसऱ्याला 'मोठं कर', तिसऱ्याला 'सरकव'. मामांनी एक रेघ ओढली, मुद्दाम चुकवली, अंगठा दाबला. रेघ गेली. त्यांनी ती पुन्हा ओढली, पुन्हा घालवली. मग आपल्या डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "तू आता झोप."

त्या माउसवर लाल तोंडाचा राक्षस होता आणि त्याच्या पोटातून सात रंगांचे दिवे पळायचे. सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर एक चिलखतवाला येऊन डरकाळी फोडायचा. मामी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्याला आधी गप्प करा, दूध उतू गेलं माझं!" पण दसऱ्यातल्या आयुधपूजेला तिनेच त्या राक्षसाच्या कपाळावर कुंकू लावलं आणि वर शेवंतीचं फूल ठेवलं.

सगळं छान चाललं होतं, पण सॉफ्टवेअर अधूनमधून स्वतःला अपडेट करून घ्यायचं. नको म्हटलं तर उघडायचंच नाही. आणि अपडेट झालं की शिकवलेलं सगळं पुसून जायचं. मामा 'मागे घे' म्हणून अंगठा दाबायचे आणि माउस एकदम तीन गोळ्या झाडायचा; म्हणजे तीनदा क्लिक. काढलेल्या पाकळीवर नको तिथे टाके पडायचे. मग मामा माउस उचलून माझ्याकडे यायचे.

मी माझ्या कॉम्प्युटरवर पहिल्यापासून सगळं शिकवायला बसायची; मामांच्या नावाचं ऑनलाइन खातं होतं, त्यामुळे घरी माउस लावला की ते तिकडे उतरायचं. त्या सॉफ्टवेअरचं इंग्रजी असं की 'जतन करा'च्या जागी 'बचाव खात्री' असल्यासारखं काहीतरी लिहिलेलं. मी चिडायची. मामा म्हणायचे, "असू दे, बिडी."

कन्नडमध्ये 'बिडी' म्हणजे सोडा, जाऊ द्या. एकदा सांगलीहून नुकतेच बदलून आलेले एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसले होते. ते ऐकून संकोचून म्हणाले, "मी ओढत नाही हो." मामा इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं.

माझं काम संपलं तरी मामा उठायचे नाहीत. "स्वल्प बसतो," म्हणायचे. थोडं बसतो. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचे. गल्लीतून टेम्पो जायचे, समोरच्या शिंप्याची मशीन खडखडायची, मामा शांत. मला वाटायचं, चालून दमले असतील. पण घर तर पलीकडेच होतं.

एकदा माउस बनवणाऱ्यांनी वेगळंच अपडेट काढलं. ते माउसच्याच आत जायचं, आणि मग शिकवलेलं सगळं कॉम्प्युटरऐवजी माउसच्या पोटात राहायचं. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी चालणार होतं. फक्त अपडेट चालू असताना वायर निघाली किंवा वीज गेली, की माउस कायमचा मेला. मी चार्ज केलेला लॅपटॉप घेऊन मामांच्या घरी गेले. मामी दाराशी उभी राहिली, कुणी आत येऊन वायरीत अडखळू नये म्हणून. पडद्यावरची हिरवी पट्टी मध्येच थांबली, आम्ही तिघांनी श्वास रोखला, पट्टी पुन्हा सरकली आणि झालं! मी बटणं शिकवली, मामांच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि माउस त्याला लावला. सगळं जागच्या जागी.

"आता हा कधीच विसरणार नाही, मामा," मी म्हटलं.

"आयतु," ते म्हणाले. झालं. आणि माउस हळूच बाजूला सरकवला.

मामी चहा करायला आत गेल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, हा विसरायचा ना, तेव्हा बरं होतं. त्या दिवशी मला सुट्टी मिळायची."

"मग काम सोडा ना, मामा. कोण धरून ठेवतंय?"

"ती." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली. "मी आजारी पडलो तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, आमचे हे एका हाताने मोर काढतात. किती अभिमानाने सांगते! तिला कसं सांगू, मी दमलोय म्हणून?"

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. दारातच थांबली होती की काय, माहीत नाही. तिने कप खाली ठेवले आणि पदराला हात पुसत राहिली.

"मला वाटलं, काम काढून घेतलं तर तुम्ही अंथरूण धराल," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, मन गुंतवा. म्हणून सगळ्यांकडे कौतुक करत फिरले. मला कुठे हौस आहे मोरांची?"

"खरंच?"

"मोर बघून बघून वीट आलाय मला."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग हसले. मामीही हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेली. मी चहा तसाच सोडून लॅपटॉप आवरला.

घेतलेली कामं मामांनी पुरी केली. न विसरणाऱ्या माउसने लवकर झाली. मग कॉम्प्युटरवर चादर पडली. आता दुकानात यायला त्यांना कारण नव्हतं, तरी कधीमधी यायचे, रिकाम्या हाताने. पण डोळे मिटून बसायचे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मामा दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. भिंतीकडची ती खुर्ची मी हलवली नाही. गिऱ्हाइकं बसतात तिच्यात, बसू देत.

मला मात्र आठवते ती त्या आधीच्या थंडीतली एक दुपार. पायरीवर मामा-मामी ऊन खात बसले होते, मध्ये पाण्यात भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, परात. आमच्याकडे थंडीत ते दाणे भिजवून, चिमटीत दाबून सालातून काढतात. एका हाताचंच काम. मामा चिमूट दाबत होते आणि दाणा परातीत पडायचा सोडून सुळकन गटारापर्यंत उडत होता. मामी म्हणत होती, "अहो, आमटीला काही राहू द्या!" मामांनी मुद्दाम नेम धरून पुढचा दाणा तिच्या मांडीवर उडवला.