आपलं दुकान

ठकीचं खरं नाव घरच्यांनाही जरा आठवावं लागायचं. लहानपणी बाहुलीसारखी दिसायची म्हणून काकांनी ठकी म्हटलं, ते चिकटलं. पुढे ती स्वतःच काकांच्या फोटोफ्रेमच्या दुकानाला चिकटली. मध्ये शाळेतली चांगली नोकरी चालून आली होती. काका म्हणाले, "आपलं दुकान सोडून कुठे दुसऱ्याची चाकरी करतेस?" झालं, ठकीनं नोकरीवर पाणी सोडलं.

'आपलं' हा शब्द काकांच्या तोंडी सततचा. आपलं दुकान, आपली गिऱ्हाइकं, आपल्या काचा. ठकीच्या आईनं तर त्यावर इमले बांधले होते. "दादाला कुठे हात घाण करायचेत? दुकान तुझंच की गं," असं ती उठता-बसता म्हणायची. दादा म्हणजे काकांचा मुलगा. नोकरीला परगावी. कधीमधी आलाच, तर लाकडाचा भुसा अंगाला लागेल म्हणून दारातूनच बोलायचा.

मग काका अंथरुणाला खिळले, दुकानामागच्याच खोलीत. ठकी पुढे काच कापायची, हात धुऊन मागे जायची, काकांची कूस बदलायची, त्यांना भरवायची आणि परत येऊन खिळे ठोकायची. कधी कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर त्यात माया होती तशी आशाही होती, आणि आशा धरण्यात लाजण्यासारखं काय आहे?

आज ठकीची आई दुकानात बसलेली असताना दादा आला, तो एका अनोळखी माणसाला घेऊन. त्या माणसानं खिशातून टेप काढली आणि सरळ भिंती मोजायला लागला. ठकीनं हातातली काच खाली ठेवली.

"दादा, हे काय चाललंय?"

"अगं, दुकान विकायचं ठरलंय. बाबांनी मागेच माझ्या नावावर केलं. तुला बोलले नाहीत?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ठकी तरातरा मागच्या खोलीत गेली.

"काका, तुम्ही आपलं दुकान म्हणायचात ना?"

काकांना आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा ते कसंनुसं हसले. "अगं, ते मी... आपलं म्हणायचो. बोलायची पद्धत असते. तू काय दुकान तुझं समजून बसलीस?"

बसली होतीच की! एवढी वर्षं एकाच शब्दाचा अर्थ ती एक लावत होती आणि काका दुसरा. नावच ठकी, ती ठकणारच, असं उद्या कुणी चेष्टेनं म्हणेलही. तिला मात्र संताप आला होता, काकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दादा तिच्यामागोमाग आला होता. समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू कशाला काळजी करतेस? नवा मालक तुला ठेवून घेईल. आणि बाबांना तुझ्याशिवाय करमायचं नाही. ते आपले तुझ्याकडेच राहू देत."

"आपले?" ठकीनं वळून पाहिलं. "बाबा तुझे, दादा."

काकांनी पाणी मागितलं, ठकीकडे बघून. दादानं घाईघाईनं पेला भरला आणि तो हातात धरून नुसताच उभा राहिला. ठकीचा हात सवयीनं पुढे झाला होता. तो तिनं मागे घेतला, बाहेर येऊन आईला उठवलं आणि दोघी रस्त्याला लागल्या.