हौसाच्या परसातला तेरडा

हौसाचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मनात ठेवलं की पोटात दुखतं.

संगमेश्वरजवळच्या आमच्या वाडीत तिचं घर अगदी शेवटी, मागे दरड आणि वर भलाथोरला फणस. परसात ऊन यायचं ते भर दुपारी, तेही घटकाभर. थंडीत तर दहा वाजले तरी दव सुकत नाही. नवरा गेल्यावर तिने तिथे फुलझाडं लावायला घेतली, तेव्हा मी हसले होते. "फांद्या तरी तोड गो," म्हटलं.

"कशाला तोडू, वैनी? सावलीत ऱ्हाणारी झाडं पण असतात की."

ऊन मागणारं एकही झाड तिने आणलं नाही. फणसाच्या गळलेल्या पानांचा पातेरा वर्षभर कुजवून मातीत घातला. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठचा सोनटक्का आणला, अबोली लावली, आणि आपसूक उगवलेला तेरडा उपटला नाही. तीन वर्षांत परस असं फुललं की माझा जळफळाट झाला. माझ्या अंगणात दिवसभर ऊन, तरी गुलाबाला येईल ते फूल किडकं! शेवटी वैतागून संदेशला, माझ्या मुलाला, सगळीकडे लादी बसवायला लावली. हौसा स्वतः एक फूल माळत नाही. विधवेला हवीत कशाला एवढी फुलं, असं मी चारचौघींत बोललेही.

गेल्या भाद्रपदात तेच अंगाशी आलं. आमच्याकडे गौर तेरड्याची. दरवर्षी तेरडा माझ्या अंगणाच्या कडेचा असायचा, आता तिथे लादी. बायका म्हणाल्या, "औंदा हौसाकडचा आणूया."

"विधवेच्या दारची गौर माझ्या घरात नको," मी म्हटलं.

हौसा तिथेच उभी होती. ती वळली आणि घरी गेली.

माझी सून शमिका मुंबईहून पहिल्या ओवशाला, नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवाळायला, आली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग चप्पल घालून हौसाच्या मागे गेली.

अर्ध्या तासाने गौर दारात आली. तेरडा हौसाच्या परसातला, आणि तो हातात धरून उभी होती हौसाच. मागून शमिका म्हणाली, "आई, पाय धुवा."

गौर आणणारीचे पाय उंबऱ्यावर दुधापाण्याने धुवायचे, ही रीत. गौर दारातून परत कशी पाठवणार? सगळी वाडी बघत होती. मी वाकले.

"ऱ्हाऊदे वैनी, पाय मळलेत माझे," हौसा हळूच म्हणाली.

तिच्या पायांचा काळा चिखल माझ्या हातांना लागला. शरम वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगू? हेवा त्याहून मोठा होता. फुलं तिची होतीच, आता माझी सूनही तिच्या बाजूला उभी होती.