ब्रिस्टलला जेवायला गेलो, पण ग्लासला हात कोणीच लावेना

ब्रिस्टलला लोक बंदर बघायला जातात. आम्ही गेलो स्थळ बघायला. आमच्या सईने तियागोशी लग्न करायचं ठरवलंय आणि त्याच्या आईवडिलांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं.

"आई, पोर्तुगालमध्ये त्यांची फॅमिली इस्टेट आहे. तिथली व्हाइट वाइन सर्व्ह करणारेत," सई म्हणाली.

झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं माहेर नाशिककडचं. लग्नाच्या बोलण्यात 'बागायती' म्हणून सांगितलेल्या जमिनी मी पाहिल्यात; विहिरीत घागर बुडत नाही. इस्टेट ऐकून भुलणारी मी नव्हे.

आम्ही रीडिंगला राहतो, तिथून ट्रेनने सव्वा तास लागतो. तिकीट आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी काढलंत तर रडू येईल. मी दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घेतली होती, कारण ट्रेनमधल्या सँडविचवर माझा विश्वास नाही.

"तू जेवायला चालली आहेस की धाड घालायला?" श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

स्टेशनातून बाहेर आलं की टेकडीवर रंगीत घरांची ओळ दिसते. आम्हाला तिथेच जायचं होतं. पायी जाणार असाल तर बूट चांगले घाला, चढ जीव काढतो.

सई आधीच पोचली होती. ती आणि तियागो मागच्या अंगणात कोळशावर मासे भाजत होते. तियागोची आई इनेस नर्स आहे, वडील पाउलो विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. इनेसने फ्रिजमधून बाटली काढून चार ग्लास भरले. वाइन फिकट, किंचित हिरवट, आणि ग्लासवर लगेच दव धरलं. बाटलीवर भल्यामोठ्या कमानीचं चित्र होतं. भिंतीवरच्या मळ्याच्या फोटोत मात्र कमान नाही, नुसता द्राक्षांचा मांडव. आमच्याकडे मांडव खायच्या द्राक्षांना घालतात. वाइनची द्राक्षं तारेवर, कुंपणासारखी वाढवतात. माझा संशय बळावला.

त्यात, इनेस आणि पाउलोपैकी कोणी ग्लासला हात लावेना.

"घ्या ना," इनेस इंग्रजीत म्हणाली.

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

"नाही नाही, आधी तुम्ही."

जी वाइन स्वतः पीत नाहीत ती आम्हाला का पाजतायत? ती माझ्या ग्लासकडे बघतेय, मी तिच्या. ग्लासवरचं दव वाळलं. शेवटी मला राहवेना. "तुम्ही तुमचीच वाइन का पीत नाही?"

इनेस गोंधळली. "सई म्हणाली, तुमच्यात पाहुण्यांनी घेतल्याशिवाय घरचे तोंडात काही घालत नाहीत."

"आणि मला म्हणाली, इथे यजमानांनी ग्लास उचलल्याशिवाय पाहुण्यांनी हात लावायचा नाही!"

तेवढ्यात सई माशांचं ताट घेऊन दारात आली. आमचे चेहरे बघून तिचा चेहराच उतरला. पाउलो हसायला लागला, श्रीकांतही. इनेस मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "तुम्ही घेत नव्हता, तर मला वाटलं, तुम्हाला आमचा मुलगा नको आहे."

एवढा वेळ मीच तिची परीक्षा घेतेय असं धरून चालले होते.

पाउलोने दुसरी, थंडगार बाटली उघडली. कोरडी, लिंबासारखी तरतरीत, जिभेला किंचित चुरचुरणारी वाइन. भाजलेल्या माशाबरोबर तर फारच छान लागली. मग मी मांडवाचं विचारलंच.

"जमीन लहान आहे हो," इनेस म्हणाली. "वर द्राक्षं, खाली बटाटे आणि कोबी. भाऊ बघतो सगळं. ती कमान त्याच्या डोक्यातून आली, आमच्याकडे साधं फाटक आहे."

म्हणजे इस्टेटीबद्दलचा माझा संशय खरा निघाला. पण विचारल्याबरोबर इतकं सरळ सांगणारी माणसं मला माहेरच्या एकाही बैठकीत भेटली नव्हती.

घरी येऊन दोन दिवस झाले. त्यांनी दिलेली बाटली आमच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी आडवी ठेवली आहे. मी अजूनही संशयीच आहे, तो स्वभाव जायचा नाही. पण इनेसचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

काल सईचा फोन आला. "आई, मग?"

"त्यांना जेवायला बोलाव, लग्नाची तारीख तेव्हाच ठरवू," मी म्हटलं. "आणि सई, या वेळी कोणालाच काही शिकवून ठेवू नकोस."