बाळू पाटलाची आडवी गाडी

किस्से काही जमवावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर येतात. त्यातून तुमच्या कंपूत तीन चाकांची, आडवं पडून चालवायची सायकल असेल तर विचारूच नका! पंक्चर काढायला थांबा, किस्सा. चहाला थांबा, किस्सा. न थांबता पुढे जा, तर मोटारसायकलवाला मागून गाठून विचारणार, "काका, हे काय आहे?"

आम्ही तिघे. बाळू पाटील कामतघरचा जॉबर, म्हणजे कापडाचे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. सादिकभाई वेल्डिंगवाला. आणि मी शाळेत चित्रकला शिकवणारा. लोडशेडिंगने लूम बंद पडले की आम्ही टूरला निघायचो. आडवी गाडी एकट्या बाळूची. आम्ही दोघे साध्या सायकलींवर, त्याचे हुजरे असल्यासारखे.

* * *

बाळूची कंबर गेली ती लूमचा बीम उचलताना. डॉक्टर म्हणाले, "सायकल बंद. वाकायचं नाही." तोपर्यंत बाळू आणि मी दोनदा सायकलने गोव्याला जाऊन आलेलो. त्याचं तोंड बघवेना. दारातून वळून त्याने विचारलं, "डॉक्टर, आडवं पडून चालवली तर?"

डॉक्टर हसले. "आडवं पडून काय वाटेल ते करा!"

झालं! बाळूने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं. कारण मागच्याच महिन्यात एक गोरा पाहुणा तसली गाडी घेऊन हायवेने नाशिककडे चालला होता. तिची नळी तुटली आणि तो सादिकभाईच्या दुकानात आला. पंधरा मिनिटांचं वेल्डिंग सादिकभाईने तीन तास पुरवलं. पाहुणा चहा पीत बसला आणि हा टेप लावून लावून मापं खडूने भिंतीवर लिहीत होता. ती भिंत आता कामाला आली. महिन्याभरात भंगारातल्या पायपांची आमची गाडी तयार!

"असली से दुगुनी भारी है," सादिकभाई म्हणाला, "लेकिन हवा में नहीं उडेगी!"

बाळूच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, तिला पहिल्या दिवसापासून सवतीसारखं वागवलं. "लोकांना वाटतंय माजा नवरा पांगळा झाला," त्या म्हणायच्या. "भंगारातून आलीय, भंगारातच जाईल. बघाच तुमी!"

* * *

कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला. बाळू मुंगीच्या चालीने सरकत होता. पलीकडच्या टेम्पोतून कामतघरच्या कुणीतरी त्याला ओझरतं पाहिलं आणि लगेच घरी फोन केला, "वहिनी, बाळूशेठ पुलावर आडवे पडलेत! पाय हलवतायत!"

वहिनी रिक्षा करून आल्या. सोबत दोन चुलत दीर आणि बाटलीभर ग्लुकोजचं पाणी. बघतात तर बाळू निवांत शेंगा खातोय! रिक्षावाला म्हणाला, "भाभी, ये तो मजे में है!"

 वहिनींनी बाटली दिरांच्या हातात दिली. "आणलंय तर प्या आता!"

दोघांनी गुपचूप प्यायलं.

* * *

पनवेलच्या पुढे एका हवालदाराने अडवलं. "ही काय गाडी आहे?"

"सायकल," मी म्हणालो.

"सायकलला पाठ टेकायला असते का?"

"नसते."

"मग?"

सादिकभाई पुढे झाला. "साहब, मरीज की खाट है. डाक्टर ने बोला लेटे रहो."

"कुठे नेताय?"

"गोवा!"

हवालदाराने गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि हळूच विचारलं, "मी बसून बघू का?" बसला तो उठेचना! तिच्यात पडल्या पडल्याच ड्युटी करू लागला. शिट्टीवर शिट्टी मारली, पण एक ट्रक थांबेल तर शपथ. खालून कोण शिट्टी वाजवतंय हे कुणाला दिसतच नव्हतं!

* * *

कुत्र्यांचं प्रकरण वेगळंच. साध्या सायकलवर कुत्रं पायाला लागतं, इथे तोंडासमोर तोंड. बाळूचं म्हणणं, "नजर भिडवली की ते लाजतं." महाडजवळच्या कुत्र्याला हे माहीत नसावं. त्याने बाळूचा गाल चाटला आणि दोन किलोमीटर सोबत आलं.

* * *

त्याच टूरमध्ये लांज्याच्या अलीकडे एका गावात आम्ही पाणी मागायला थांबलो. एका आजीने बाळूला आडवा पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने त्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवला, अंगारा लावला. बाळू भिडस्त माणूस. माझ्या कानात म्हणाला, "आता उठलो तर म्हातारीला कसं वाटंल?"

मग काय, आम्ही दोघांनी त्याला उचलून शाळेच्या ओट्यावर ठेवला. भाकरी आली, पिठलं आलं, तीन वेळा चहा आला. आता चहाचं जे होतं ते होणारच. बाळूने बराच वेळ दम धरला, आणि एकदम उठून शाळेमागे पळाला!

परत आला तर निम्मं गाव हात जोडून उभं. "चालला! चालला!" आजी घराकडे धावत सुटली. "थांबा हो, आमच्या ह्यांना आणते! त्यांचा गुडघा पण बघा!"

इतक्या जोरात आम्ही आयुष्यात सायकल मारली नाही.

हा किस्सा सादिकभाईने घरी वहिनींसमोर नकला करून सांगितला. वहिनी हसल्या नाहीत. "परक्या लोकांनी उचलून बसवलं माज्या मालकाला, दया केली, आन तुमी हसता? नळावर बाया मला काय काय विचारतात, ठावं हाय?"  आम्हाला हे कधी सुचलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. 

वहिनींनी भंगारवाल्याला सांगितलं, गाडी न्यायला सोमवारी ये.

* * *

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, इगतपुरीला बाळूच्या भाचीचं लग्न होतं. बाळू भांडला नाही. एवढंच म्हणाला, "शेवटची एकदा, लग्नाला नेऊ दे." वहिनी कबूल झाल्या, पण अटीवर. गाडी गावाबाहेर लावायची आणि मांडवात त्यांच्याबरोबर जीपमधून यायचं. मुलीचा मामा आडवा पडून आलेला त्यांना चालणार नव्हता.

आम्ही शनिवारीच निघालो, कसाऱ्याला मुक्काम केला आणि सकाळी घाटाला लागलो.  वाटेतल्या उतारांवर सुद्धा बाळूने गाणं म्हटलं नाही. अर्ध्या घाटात बघतो तर वर कुठेतरी कंटेनर आडवा झालेला, नजर जाईल तिथपर्यंत ट्रक उभे, आणि त्या रांगेत वहिनींची जीप!

वहिनी शालू नेसून रस्त्यावर उभ्या. मांडीएवढं बोचकं छातीशी धरलेलं. त्यात मामाकडची पिवळी साडी. ती नेसल्याशिवाय नवरी बाहेर येणार नाही, आणि मामाने हात धरून आणल्याशिवाय ती अंतरपाटापाशी उभी राहणार नाही. साडी घाटात, मामाही घाटात. मुहूर्ताला दीड तास.

वहिनींनी ट्रकांकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग आमच्या गाडीकडे पाहिलं. आणि मागच्या कॅरिअरवर, आमच्या वळकट्यांवर, मागे तोंड करून बसल्या.

बाळू पेडल मारायचंच विसरला.

"अवो, चला ना!"

खरं सांगायचं तर आमच्या सायकली जीपपाशी टाकून निम्मा घाट मी आणि सादिकभाईने गाडी ढकलली. ट्रकवाले खाली उतरून टाळ्या वाजवत होते. पहिल्या वळणाला वहिनींचा पदर तोंडावर होता. दुसऱ्या वळणाला तो डोक्यावर गेला. तिसऱ्या वळणाला तो कमरेला खोचून वहिनी ओरडत होत्या, "ए भाई, बाजू हो! लडकी का मामा हाय!"

मांडवात भटजी माईकवरून "मुलीचे मामा, मुलीचे मामा" करत होते. गावाबाहेर गाडी लावायची आठवण बाळूने करून दिली, पण वहिनींना ऐकू गेलं नसावं. आम्ही सरळ कमानीखालून आत! बँडवाले वाजवायचे थांबले. नवरदेवाचे वडील फेटा सावरत पुढे आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि वहिनींना विचारलं, "ही कसली हो गाडी?"

वहिनी खाली उतरल्या, निऱ्या झटकल्या, साडीचं बोचकं नणंदेच्या हातात दिलं.

"ही आमची घाटाची हाय," त्या म्हणाल्या. "सपाटीची घरी ठेवलीय!"