खोडलेले चार दिवस

वांडा शूप शाळेत माझ्या वहीत बघून गणितं लिहायची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात माझी बाजू फार लंगडी आहे. निदान एवढं तरी माझ्या पदरात असू द्या.

मी वर्गात पहिली यायचे. वांडाला वाचनाच्या तासाला 'हळू' मुलांच्या टेबलावर बसवायचे, खिडकीजवळ, आणि ती तासभर बाहेर बघत बसायची. बारावी झाली आणि महिनाभरात तिनं मर्ल शूपशी लग्न केलं. मर्ल पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलायचा, अजूनही तेच करतो. मी कॉलेजात गेले, त्याच्यावर आणखी दोन वर्षं शिकले आणि आमच्याच शाळेत पाचवीला शिकवू लागले. मुलं मला फेटरॉल्फ बाई म्हणतात. माझं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलंय. आणि वीस वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या पेरी काउंटीत, रस्त्याच्या एकाच वळणावर, शेजारी शेजारी घरं असलेल्या आम्ही दोघी मुलं शिकवत होतो. मी शाळेत सव्वीस, ती स्वयंपाकघरात तीन. आणि जळत होते मी.

तिची थोरली तिर्झा पाच वर्षांची असताना पिवळ्या बसनं शाळेत जायला लागली होती. सहा आठवडे रोज सकाळी बस दिसली की पोर ओकायची. सातव्या आठवड्यात वांडानं बसच्या ड्रायव्हरला हातानंच पुढे जायला सांगितलं, तिर्झाला आत नेलं आणि पॅनकेक खायला घातले. ना भाषण, ना भांडण. पुढे कायद्याप्रमाणे शाळेच्या कचेरीत नोटरीच्या शिक्क्याचा कागद नेऊन दिला, की माझी मुलं मी घरी शिकवणार. धाकटे जुळे तर शाळेची पायरीसुद्धा चढले नाहीत.

"हिलाच धड वाचता येत नव्हतं," मी शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते, "ही काय शिकवणार? सूप ढवळायला?"

सगळ्या हसल्या. मला फार बरं वाटलं.

पण रोज सकाळी सात वाजता मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असायचे, बोटं बधिर झालेली, कॉफी टपावर विसरलेली, आणि शेजारी वांडाच्या स्वयंपाकघरात दिवा. तिघं मुलं झोपायच्या कपड्यांतच टेबलाशी. एक जण मोठ्यानं वाचतोय, दुसरा लोणी फासतोय, आणि वांडा जीनच्या लांब झग्यात, वेणी पाठीवर टाकून, मध्येच नाकातून हसतेय. काय एवढं हसण्यासारखं असतं सकाळी सातला? मी काच जरा जास्तच जोरात खरवडायचे.

माझी पेज तेव्हा नऊ वर्षांची. माझा नवरा डेल लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले पाच दिवस घरी नाही. म्हणून साडेतीनला पेजला बस वांडाकडे सोडायची आणि माझ्या मीटिंगा आटपून मी तिला साडेपाचला घ्यायचे. घरी आली की पोरीच्या तोंडात एकच. वांडामावशी म्हणते, घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत म्हणून ते मान फिरवतं. वांडामावशी म्हणते, झाड झोपेत असताना कलम बांधायचं. अहो, घुबड मी सव्वीस मुलांना शिकवत होते, चित्रासकट! लोकांच्या मुलांसाठी दिवसभर लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि घरी आल्यावर आपल्या पोरीपुढे फ्रीजमधला पिझ्झा गरम करून ठेवायचा. दिव्याखाली अंधार. माय मरो पण मावशी जगो असं म्हणतात, पण ते ज्या मायला रोज ऐकावं लागतं तिला कोणी विचारत नाही.

फेब्रुवारीत एकदा पेज गाडीत म्हणाली, "आई, मला वांडामावशीच्या शाळेत घाल ना."

"ती शाळा नाहीये."

"मग काय आहे?"

"स्वयंपाकघर आहे."

"मग मला स्वयंपाकघरात घाल."

त्याच आठवड्यात वांडाच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली मला तिर्झा भेटली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, चारशे बत्तीस भागिले सोळा किती?"

तिर्झा बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिली. मग म्हणाली, "मोठा भागाकार अजून नाही केला आम्ही, बाई. आई म्हणते, तिलाच नीट येत नाही. आधी ती शिकणार, मग मला."

मी घरी जाऊन स्वतःसाठी कॉफी केली. साखर दोन चमचे जास्त घातली.

आता आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याबद्दल दोन शब्द. घरी शिकवणाऱ्या आईनं वर्षाचे एकशे ऐंशी दिवस शिकवल्याची रोजची नोंद ठेवायची, मुलांच्या कामाची जाड फाइल करायची, आणि जूनअखेर ते सगळं एखाद्या प्रमाणित शिक्षकाला दाखवायचं. त्यानं सही केली तर ठीक. नाही केली तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मग सुनावणी, आणि तिथं डाळ शिजली नाही तर मुलं सप्टेंबरात शाळेच्या बाकावर. वांडाच्या फायली बघणाऱ्या म्हाताऱ्या बाई त्या वर्षी लेकीकडे ओहायोला राहायला गेल्या.

मे महिन्यात वांडा दारात आली. हातात रुबार्बच्या आंबट देठांची जुडी.

"लॉरेन, तू बघशील का गं आमच्या फायली? तुला खूप काम असतं, माहितीये मला. पण तू बघितलंस तर मला बरं वाटेल. तू खरी शिकलेली आहेस."

"बघते की," मी म्हणाले. मनात मी तेव्हाच लाल पेनाचं टोपण काढलं होतं.

मी तिला मुद्दाम ताटकळवलं. शाळा सुटली, दहा दिवस गेले, पंधरा गेले. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा "या आठवड्यात बघू" म्हणाले. सहीचा कागद कचेरीत तीस जूनला द्यायचा होता. मी तिला एकोणतीसची दुपार दिली.

टेबल तिनं घासून पुसून ठेवलं होतं. तीन फायली, माझ्यासाठी बर्फ घातलेला चहा, आणि कडेला तिर्झा वाटाणे सोलत बसलेली. पेज आणि जुळे मागच्या अंगणात होते, त्यांचा आरडाओरडा आत येत होता.

मी पहिली फाइल उघडली. खोट काढायची तर खोट सापडायला हवी ना! तिर्झानं घराशेजारच्या ओढ्याचं वर्षभर मोजमाप ठेवलं होतं, कधी किती पाणी, कधी गोठला, पहिला मासा कधी दिसला. जुळ्यांनी मर्लच्या गिरणीतल्या पोत्यांवरून वजनाची गणितं केली होती, आणि ती चुकली तिथे वांडानं रागावून काही लिहिलं नव्हतं, नुसतं 'परत तोलून बघू' असं लिहिलं होतं. निबंध होते. खरे, मुलांनी स्वतः लिहिलेले. माझ्या वर्गातले सव्वीस निबंध एकाच साच्यातले निघतात, कारण साचा मीच देते. पान उलटताना माझे ओठ आवळले जात होते, हे मला कळत होतं.

मग मी रोजची नोंदवही घेतली.

प्रत्येक दिवसापुढे समासात आकडा. एक, दोन, तीन. घरी शिकवणाऱ्या बायका या वहीत काय काय घुसडतात ते मला ठाऊक होतं. कपडे धुतले की गृहविज्ञान, बाजारात गेलं की अर्थशास्त्र. वांडानं तसं काही केलं नव्हतं. पण एप्रिलमध्ये मला थांबावं लागलं. लागोपाठ चार दिवसांचे आकडे शाईनं खोडलेले, आणि त्यांच्यापुढे एक शब्द नाही. मी शेवटचं पान काढलं. तिथं आधी एकशे ऐंशी लिहिलेलं होतं. तेही खोडून खाली लिहिलं होतं एकशे शहात्तर.

सापडली!

"वांडा," मी अगदी शांतपणे म्हणाले, "हे एकशे शहात्तरच आहेत."

"हो गं."

"एकशे ऐंशी लागतात."

"माहितीये." ती हात झग्याला पुसत होती. हात कोरडेच होते. "मी आधी ते चार धरले होते. परवा सगळं परत वाचलं, तर म्हटलं, नाही, त्या दिवसांत शाळा नव्हती आपली. तुझ्यापुढे खोटं कसं ठेवू? म्हणून खोडले. आणि आता नवे चार दिवस घ्यायला वेळ कुठंय? उद्या तीस तारीख."

वेळ मी खाल्ला होता. ते तिनं म्हटलं नाही. तिच्या डोक्यातही आलं नसावं, आणि त्याचाही मला रागच आला.

मी वही मिटली. सही करायची नाही एवढंच तर होतं. काही खोटं करायचं नव्हतं, कायदाच माझ्या बाजूला होता. तिर्झा त्या वर्षी पाचवीत जाणार होती, म्हणजे माझ्याच वर्गात. मला ती पहिल्या बाकावर दिसली सुद्धा, हात वर करून बोलायची परवानगी मागताना. आणि सकाळी सातला त्या स्वयंपाकघरात अंधार, कोणी हसत नाही. ह्या विचारानं मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"मग कठीण आहे, वांडा," मी म्हणाले. "माझे हात बांधलेले आहेत."

वांडानं मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती वाद घालायला बसली नाही. शाळेत त्या 'हळू' मुलांच्या टेबलावर पाठवायचे तेव्हाही ती अशीच उठून जायची.

"त्या दिवसांत पेज आजारी होती ना, बाई," तिर्झा वाटाण्यांवरून मान वर न करता म्हणाली. "तुमची परीक्षा होती तेव्हा."

"तिर्झा, तू वाटाणे सोल," वांडा म्हणाली.

मी वही पुन्हा उघडली. एप्रिलचा पहिला आठवडा. राज्याच्या परीक्षा. माझी सव्वीस मुलं पेन्सिली घेऊन बसलेली आणि मी बाकांमधून फिरत होते. सोमवारी पहाटे पेजला ताप होता. मी तिला रजईत गुंडाळून इथं आणलं होतं, पुढचे तीन दिवसही सकाळी इथंच सोडलं होतं, आणि वांडाला म्हणाले होते की साधाच ताप आहे. रजा मला मिळाली नसती असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मी ती मागितलीच नव्हती.

"साधाच होता ना?" मी विचारलं.

"एकशे तीनवर गेला होता," वांडा म्हणाली. "घसा पिकला होता. मंगळवारी डॉक्टरकडे नेलं. सांगितलं होतं मी तुला."

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

"आणि चार दिवस मुलांना काहीच शिकवलं नाहीस?"

"काही नाही गं. बसून होतो सगळे तिच्याजवळ."

"असं कसं काही नाही?" तिर्झाला आता राहवेना. "आम्ही दर दोन तासांनी ताप मोजायचो आणि चौकटीच्या कागदावर त्याची रेघ काढायचो. जुळ्यांनी कोंबडी-मक्याचं सूप केलं, सगळं मापून. मी तिला जहाज बुडतं ती अख्खी गोष्ट वाचून दाखवली. आणि गुरुवारी तिला बरं वाटलं तेव्हा तिनं मला मोठा भागाकार शिकवला. तुमचा आवाज काढून. 'आधी अंदाज करा, मग घाई करा!' अस्सं. येतो मला आता. सत्तावीस, बाई."

माझ्या लेकीला माझा आवाज काढता येतो हे मला माहीत नव्हतं.

"हे शिक्षण आहे, वांडा," मी म्हणाले.

"नाही गं. हा शेजारधर्म झाला. तो शाळेत कसा धरायचा?"

"ते तू नाही ठरवायचं. सही माझी आहे." आवाज चढलाच माझा. "तिर्झा, सोमवारपासून सांग. सावकाश."

तिर्झा सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वांडाच्या वहीत, माझ्या वळणदार अक्षरात, माझ्या मुलीचे चार दिवस. कितीला ताप चढला, कितीला उतरला. सूप किती वाट्या प्यायली. गोष्टीत कुठं रडली, कुठं झोप लागली. एकही ओळ मला आपल्या मनानं लिहिता आली नाही. प्रत्येक ओळ विचारून लिहावी लागली. खोडलेल्या आकड्यांवर मी नवे आकडे घातले आणि खाली एकशे ऐंशी लिहिलं. उपकार केल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं होतं, आणि डोळ्यांनाही.

तिर्झा सालं टाकायला बाहेर गेली. सहीचा कागद माझ्यासमोर होता.

"वांडा," मी म्हणाले, "ती मला विचारत होती का गं? त्या दिवसांत?"

दुसरी कुठलीही बाई म्हणाली असती, अगं, सारखी! घोशाच लावला होता. आमच्या शाळेतली कोणीही म्हणाली असती, मीही म्हणाले असते. वांडा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात माझ्याबद्दल दया होती, आणि ती स्वच्छ दिसत होती.

"सोमवारी विचारत होती," ती म्हणाली. "दुपारपर्यंत."

मी कागद पुढे ओढला आणि सही केली.