आत्तीला लॉजमध्ये राहायचं होतं

आत्तीची अट एकच होती : बेळगाव दोन दिवस बघायचं, पण राहायचं लॉजमध्ये.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. निपाणीकडं बोरगावजवळच्या आमच्या गावात तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. बेळगावला ती डझनभर वेळा तरी गेलीय, आणि दर वेळी धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या काकांच्या घरी उतरलीय. उतरलीय कसली? बसमधून उतरून थेट स्वयंपाकघरात शिरलीय. काकूचा त्यात दुष्टपणा काही नाही. ती वर्षभर एकटीनं घर ओढते. नणंद आली की तिला चार दिवस पाठ टेकायला मिळते. काकांना मात्र दोघींपैकी कोण तव्यापुढं उभी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. चपाती गरम पाहिजे, बास.

"किल्ला बघितलास काय गं कधी?" मी विचारलं होतं.

"बघिटला की. रिक्षातनं. डाळीचं पीठ आणाय गेलतो तवा."

गावात पाव्हणे असताना लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडं त्यांचं नाक कापणं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, त्यामुळं तो मोडायला वकील लागत नाही, फक्त निर्लज्जपणा लागतो. तो माझ्याकडं मुबलक आहे. मी एका छोट्या संघटनेसाठी सीमाप्रश्नाची पत्रकं लिहितो. एका पानात सहा उद्गारचिन्हं बसवणारा माणूस लॉजची एक खोली मिळवू शकत नाही?

नाही मिळवू शकत.

सकाळच्या बसनं निघालो. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागं पडल्यावर आत्तीनं पदर नीट केला, नव्या चपला पिशवीतून काढून पायात घातल्या आणि जुन्या आत कोंबल्या. स्टँडपासून जवळच्याच लॉजमध्ये शिरलो. काउंटरवरच्या माणसानं दोघांची आधार कार्डं उलटसुलट केली आणि परत सरकवली.

"लोकल आधार. चालत न्हाय."

"लोकल? आम्ही निपाणीकडचे! दीड तास बसमध्ये बसून आलोय."

"जिल्हा बेळगाव लिहिलाय की. पोलिसांचा तरास हुतोय री, लोकलला रूम दिली की."

पासष्ट वर्षांची माझी आत्ती आणि तिची कापडी पिशवी मिळून कसला गुन्हा करणार होत्या, देव जाणे. मी आवाज चढवला. आम्ही महाराष्ट्राचेच आहोत, तुमचा हा जिल्हा आम्ही मानतच नाही, इथपासून सुरुवात करून मी पार माझ्या जन्माच्या आधीच्या अन्यायापर्यंत पोचलो. तो माणूस शांतपणे ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "तुम्ही मानू नका री. कॉम्प्युटर मानतंय."

पुढचा लॉजवाला तर प्रेमळ निघाला. "अण्णा, भायेरच्या माणसाला लगेच देतो. तुम्ही म्हंजे आमचंच की." उभ्या आयुष्यात कुठल्या सरकारी टेबलावर मला कुणी आपलं म्हणालेलं नाही. आणि म्हणाला तो हा, मला रस्त्यावर काढण्यासाठी!

मी तिथंही तोंड उघडणार तेवढ्यात आत्तीनं बाही ओढली. "चल रं. आदी किल्ला बघू. भांडाण काय पळून जातंय?"

किल्ल्यात ती खंदकाकडं बघत बराच वेळ थांबली. तिथल्या जैन मंदिरात, कमलबस्तीत, मान वर करून छतावरचं दगडी कमळ बघितलं. मला वाटलं, हात जोडेल. म्हणाली, "एवढ्या वर चढून पुसतंय कोण, सांग की." मग खडेबाजारात आलो. तिनं एकही पातेलं बघितलं नाही. बांगड्या बघितल्या, गॉगल लावून बघितला, कुंदा उभ्याउभ्या खाल्ला. मी मात्र तोवर आणखी दोन लॉजवाल्यांकडून 'लोकल' ठरून आलो होतो. दुपार टळली. शेवटच्या बसची वेळ आत्तीनं दोनदा विचारली.

पाचव्या लॉजचा म्हातारा मॅनेजर जरा माणसात होता. "गावात कोण पाव्हणं हाईत काय? त्यांनी येऊन सही केली तर देतो."

मी आत्तीकडं बघितलं. ज्यांना चुकवायचं होतं, त्यांनाच बोलवायचं! पण तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि भावाला सगळं सांगून टाकलं.

वीस मिनिटांत काका स्कूटरवर आले, मागं काकू. काकांचा चेहरा लालबुंद.

"आक्का, चल घरला. लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? भावानं घरात घेतलं न्हाय म्हणतील!"

"घेटलं की, सांग त्यास्नी," आत्ती म्हणाली. "येवढी वर्सं घेटलं. पीठ मळाय."

मॅनेजर रजिस्टर पुढं करून बसला होता. काकांनी हात मागं घेतले आणि रस्त्याकडं तोंड केलं. झालं, आत्तीचं लॉज बुडालं, असं मी धरून चाललो. ती वाकून पिशवी उचलायला लागली.

तेवढ्यात काकूनं पेन उचललं. "माझी सही चालंल न्हवं? मी बी लोकलच हाय."

मॅनेजरनं मान हलवली. तिनं ठळक अक्षरात सही केली, किल्ली घेतली आणि आत्तीच्या हातातली पिशवीही घेतली. "चला वन्सं, रूम बघू."

मी मागोमाग वर गेलो. दोन खाटा, एक पंखा, पांढऱ्या चादरी. आत्तीनं चादरीवरून हात फिरवला, चपला काढल्या आणि आडवी झाली. काकूनं दुसऱ्या खाटेवर बसून गुडघे चोळले, आणि मग तीही आडवी झाली.

"काकू, ती माझी खाट..."

"तू घरला जा काकांच्यासंगं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आज मी हितंच हाय. उद्या दोघी मिळून गाव बघतोय."

"आणि जेवण?"

"पीठ डब्यात हाय."

आत्ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तरी थांबेना.

खाली काका स्कूटर चालू करून उभे होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी वरच्या खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चपात्या येत्यात काय रं तुला?"

"न्हाय. तुम्हाला?"

काकांनी स्कूटर गिअरमध्ये टाकली.