पाळकसाहेबांचं लायसन्स

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपासनेनंतर चहा आला की पाळकसाहेबांचा एखादा किस्सा निघतोच. एक संपेपर्यंत दुसऱ्याच्या तोंडात पुढचा तयार असतो. पार्सिपनीतल्या एका अमेरिकन चर्चचं तळघर आम्ही रविवारी दुपारी वापरतो. तिथला वॉचमन दिवे घालवायला लागला तरी आमचं चालूच.

साहेब नगरकडचे. तिकडे मोटरसायकलवर गावोगाव फिरून घराघरात प्रार्थना करायचे. इथे गाडीचं लायसन्स नाही आणि घरं लांब लांब. "मेंढरं हायवेवर आणि मेंढपाळ पायी," असं म्हणून हळहळायचे.

*

नवीन असताना ते एकदा न कळवता विलास साळवेकडे चालत गेले. पाळक काय अपॉइंटमेंट घेऊन येतो? पण घरी कुणीच नव्हतं. बेल वाजली ती विलासच्या फोनवर, आणि विलास ऑफिसच्या कामासाठी अर्विंगला.

"साहेब, मी टेक्ससमध्ये आहे," दारावरच्या कॅमेऱ्यातून आवाज आला.

"हरकत नाही," म्हणत साहेबांनी दारावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मागे पार्सल घेऊन आलेला माणूस टोपी काढून उभा राहिला. तिकडे विलासनं भर मीटिंगमध्ये "आमेन" म्हटलं. पाठोपाठ त्याच्या मॅनेजरनंही!

*

रूथमावशी शेजारच्या गावात एकट्या राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं चर्चला येणं बंद पडलं. साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला, तर स्क्रीनवर नुसता अंधार.

"मावशी, तुम्ही दिसत नाही."

"कशी दिसणार? तुम्ही माझ्या गुडघ्यावर आहात."

दुखऱ्या जागी हात ठेवून प्रार्थना करायची आमची पद्धत. साहेबांचा हात पोचत नव्हता, म्हणून मावशींनी फोनच गुडघ्यावर उपडा ठेवला होता. प्रार्थना झाल्यावर मात्र त्यांनी ठणकावलं, "प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस काही मी फोनवरून घ्यायची नाही. तुम्ही यायचं."

आमच्या कितीतरी जणींची बाळंतपणं या मावशींनी काढली. आता त्यांच्याकडे जायला आम्हाला वेळ नव्हता, याची आम्हाला लाजच वाटायची. लायसन्स काढून दर बुधवारी मावशींकडे जायचंच, असं साहेबांनी मनावर घेतलं.

*

गाडी शिकवायला भेटली माझी मुलगी सारा. ही मधल्या काळात चर्चला यायची बंद झाली होती. समजूत काढायला साहेबांना घरी आणलं. तिच्या खोलीतून ते हसतच बाहेर आले.

"येईल ती रविवारी."

"काय सांगितलंत हो?"

"मी कुठे काय? तिनंच मला सांगितलं. उपदेश फार लांबतो म्हणाली."

तेव्हापासून सारा पहिल्या रांगेत बसते. तिनं जांभई दिली की साहेब आमेन म्हणतात.

*

साहेब गाडी बरी चालवायचे. पण चारी बाजूंना स्टॉपची पाटी असलेला चौक आला की संपलं. हातानं "या, या" करत सगळ्यांना आधी सोडायचे.

"अंकल, इट्स युअर टर्न! गो!"

"जाऊ दे गं त्यांना. घाईत दिसतात."

मागच्यानं हॉर्न वाजवला तर काच खाली करून त्याला सलाम. पहिल्या टेस्टला एक्झॅमिनर अशाच एका चौकात गाडीतून उतरला आणि ऑफिसपर्यंत चालत गेला.

*

दुसऱ्या टेस्टला नशिबानं तोच एक्झॅमिनर. धिप्पाड, गोरा, कपाळाला कायमची आठी. सारा आणि मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. बाकीच्या गाड्या परत आल्या, आमची येईना. शेवटी सारा चौकापर्यंत धावत जाऊन बघून आली.

"मॉम, गाडी साइडला पार्क्ड आहे. तो माणूस रडतोय. अंकलचा हात त्याच्या डोक्यावर."

बऱ्याच वेळानं गाडी आली. एक्झॅमिनर रुमालानं नाक पुसत आत गेला.

"साहेब, काय झालं?"

"नापास," साहेब म्हणाले. आणि किल्ली साराच्या हातात दिली.

बुधवारी संध्याकाळी रूथमावशींचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"अगं, साहेब येऊन गेले. प्रभुभोजन झालं. बरोबर एक धिप्पाड गोरा होता, त्यानंच गाडी चालवली. माझ्या हातची बिर्याणी दोनदा मागून घेतली मेल्यानं."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"मीच आणीन म्हणाला. पण साहेबांना लायसन्स मिळू देणार नाही म्हणाला."